तिसरं ठाणं

नकाशा काढायला मला माझ्या आईनं शिकवलं. तिचा स्वतःचा भूगोल यथातथाच होता. दिल्ली मुंबईच्या वर आहे की खाली, हे तिला शेवटपर्यंत धड सांगता आलं नाही, आणि त्यावाचून तिचं काही अडलंही नाही. पण ती अंगणवाडी सेविका होती, आणि मोताळा तालुक्यातलं आमचं ते गाव तिनं झाडून सारं एका चार्ट पेपरवर मांडलं होतं. मधोमध मारुतीचा पार, त्याच्या अंगाला मोठी विहीर, अलीकडे मशीद, पलीकडे विहार, शाळा, दोन हँडपंप, आणि भोवती घरंच घरं. एक घर म्हणजे एक चौकोन, चौकोनात ग्रामपंचायतीचा घर नंबर. अंगणवाडीचं छत गळायचं, म्हणून तो चार्ट आमच्याच समोरच्या खोलीत, कॅलेंडर आणि आरसा यांच्या मधल्या खिळ्याला टांगलेला असे. पंखा लावला की त्याची खालची कड भिंतीवर फडफडत राहायची, आणि आई आतून ओरडायची, "कोणीतरी चार्टावर पाट टेकवा."

त्या चार्टवर आई टिकल्या लावायची. कपाळाला लावतात त्याच, आठवडी बाजारात पाकिटात मिळतात त्या. ज्या घरातलं लेकरू वजनात घसरायला लागलं त्या चौकोनावर पिवळी, आणि ज्याचं वजन पार खाली गेलं, ज्याला डॉक्टरला दाखवल्यावाचून गत्यंतर नाही, त्याच्यावर लाल. स्केचपेननं केलेली खूण पुसता येत नाही, टिकली काढता येते, असा तिचा साधा हिशोब. रजिस्टर होतंच, पण तिच्या हाताखालच्या मदतनीस सुभद्राबाई यांना अक्षरओळख नव्हती. चार्ट मात्र त्यांना तोंडपाठ. रोज सकाळी त्या कमरेवर हात ठेवून चार्टसमोर उभ्या राहायच्या, ओठ हलवत टिकल्या पाहायच्या आणि खिचडीचा डबा घेऊन बरोबर त्या त्या दारात हजर व्हायच्या. लाल टिकलीच्या घरी दोनदा जायच्या. एखादं लेकरू लालातून बाहेर आलं की आई ती टिकली नखानं अलगद उचलायची आणि स्वतःच्या कपाळाला लावून दिवसभर मिरवायची. बाबा विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करून काळ्या हातांनी घरी यायचे आणि तिच्याकडे पाहून विचारायचे, "आज कोणाचं पोट्टं जाडं झालं व?"

आमचं घर दोन खोल्यांचं, आणि त्या दोन्ही खोल्यांना कायम सुकडीचा वास. अंगणवाडीचं गव्हाचं पीठ आई कधी कधी घरीच भाजायची, त्यात गूळ पडला की गल्लीतली पोरं दाराशी गोळा. उन्हाळ्यात त्या वासात आंब्याचा वास मिसळायचा. आमच्याकडे रसाबरोबर पोळी नाही, सरगुंडे. कणकेची बारीक वळी काडीवर गुंडाळून वाळवायची, उकडायची आणि रसात बुडवून खायची. ते वळायचं काम माझ्याकडे. मी अकरावीची परीक्षा देऊन मोकळी झाले होते, मे महिन्याचं ऊन दारातून आत यायचं, कूलर पाण्यावाचून नुसता घरघरायचा, आणि मी कंटाळ्यानं अर्धमेली होऊन सरगुंडे वळत बसलेली असायची. अशा दिवसांत विकासदादा आला.

विकासदादा माझ्या मावशीचा मुलगा, पुण्याला इंजिनियरिंगला. पुण्यात त्याची भाषा सुधारायची, आमच्या गावात उतरला की चार दिवसांत पुन्हा बिघडायची. त्या वर्षी त्यानं हॉस्टेलवरून एक खेळ आणला होता. इंग्रजी पुस्तकाच्या पुसट झेरॉक्स आणि वीस तोंडांचा एक निळा फासा. फाशाचे बाकीचे भाऊबंद हॉस्टेलात हरवले होते, त्यांच्या जागी आम्ही फोडलेले चिंचोके घेतले. खेळ असा की एकानं गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. सांगणारा म्हणणार, तुम्ही डोंगराच्या पायथ्याशी आहात, पुढे दोन वाटा फुटल्या, काय करता? आपण ठरवायचं, फासा टाकायचा, आणि फासा म्हणेल तसं निभावायचं किंवा मरायचं. दादा सांगणारा, त्याला आम्ही सांग्या म्हणायचो. शेजारचा गजू पैलवान झाला. माझ्या बाकावरची शबाना जादूगारीण झाली. मी वाटाडी.

पहिल्याच दिवशी भांडण. गजू म्हणाला, "दादा, आम्ही चाललो कुठं? दिशा तं सांग." दादा म्हणाला, "नकाशा पाह्यजे बे याले. नकाशा नसला तं हा खेळ म्हणजे नुसत्या गप्पा." मग मी आईच्या जुन्या चार्टांच्या कोऱ्या पाठी काढल्या. मला नकाशा म्हणजे आईचा चार्ट एवढंच ठाऊक, त्यामुळे राक्षसाच्या राज्यातही मी चौकोनी घरं काढली, त्यांना नंबर दिले आणि चौकात हँडपंप काढला. दादा पोट धरून हसला. "मने, राक्षसाच्या राज्यात हँडपंप?" मी म्हटलं, "मंग राक्षस काय टँकरचं पाणी पेतात?" तो हसायचा थांबला, विचार करू लागला, आणि दुसऱ्या दिवशीच्या गोष्टीत सारं युद्ध त्या हँडपंपासाठी झालं.

मग मला वेडच लागलं. नदीसाठी कपड्यांची नीळ, वाळवंटाला हळद, घाटाच्या दगडांना चुलीतला कोळसा. चहाच्या पाण्यात कागद बुडवून जुना करायचा, वाळला की कडा उदबत्तीनं जाळायच्या. डोंगर काढताना मी काडेपेटीच्या काडीचं टोक ठेचून त्याचा कुंचला करायची, म्हणजे उताराच्या रेषा तुटक येतात आणि डोंगर खरा वाटतो. खाऱ्या तळ्याचा देश, काळ्या मातीचा देश, सात विहिरींचं गाव. सकाळी उठल्यावर मी आधी आमच्या गावात नसायचीच, तिकडे असायची. आता माझी चाळिशी उलटली. माझा मुलगा हाच खेळ खेळतो, त्याच्याकडे रंगीत पुस्तकं आहेत, सगळ्या तोंडांचे फासे आहेत. त्याला कुणीतरी सांगितलं की तुझी आई नकाशे झकास काढायची. तो मागं लागतो, "एक काढून दे ना." मी म्हणते डोळे दुखतात. डोळ्यांना काहीही झालेलं नाही.

दादाची सुट्टी संपत आली. शेवटच्या आठवड्यासाठी त्यानं मोठी मोहीम रचली: राक्षसाची तीन ठाणी, तिन्ही जिंकली की राज्य मोकळं. त्यासाठी मी दोन चार्ट जोडून असा नकाशा काढला की गजूनं त्याला नमस्कारच केला. दादाची एकच अट. "ठाणं जिंकलं की नकाशावरून निघालं पाह्यजे. रंगवलेलं चालणार नाही, काढता आलं पाह्यजे." हे तो बोलला तेव्हा आम्ही समोरच्या खोलीत बसलो होतो. मी मान वर केली आणि भिंतीकडे पाहिलं.

आई त्याच सोमवारी सकाळी बुलढाण्याला प्रशिक्षणाला गेली होती, शनिवारपर्यंत. रजिस्टर तिनं सोबत नेलं होतं, टिकल्यांचं पाकीटही तिच्या पर्समध्ये. गावात त्या वेळी तीन लाल टिकल्या होत्या. एक विहिरीजवळच्या घरावर, एक खालच्या आळीच्या टोकाला, आणि एक नाल्यापलीकडे, आईनं सकाळी सुभद्राबाई येऊन गेल्यावर निघता निघता लावलेली. नाल्यापलीकडे वीटभट्टी होती. भट्टीवर नुकत्याच कामाला आलेल्या चार कुटुंबांच्या चार झोपड्या आईनं मागच्याच आठवड्यात चार्टच्या कडेला काढल्या होत्या. त्यांना चौकोन होते, नंबर नव्हते. नंबर ग्रामपंचायत देते, आणि पावसाआधी निघून जाणाऱ्या माणसांना ती कशाला देईल? मी तिन्ही टिकल्या नखानं उचलल्या, अगदी आईसारख्या अलगद, आणि राक्षसाच्या तीन ठाण्यांवर लावल्या. दोन दिवसांत परत लावू, सुभद्राबाईंना घरं पाठच आहेत, असं मी मनाला सांगितलं. मनाला सांगायची वेळ येते तेव्हाच माणसानं थांबावं, पण सोळा वर्षांच्या पोरीला हे सांगणार कोण, आणि सांगितलं तरी ऐकणार कोण.

मधल्या दोन सकाळी सुभद्राबाईंना मी सांगितलं, टिकल्या गळाल्या, चिकटवते; त्या पाठ असलेल्या दोन घरी डबा देऊन आल्या. बुधवारपर्यंत आम्ही दोन ठाणी जिंकली. संध्याकाळी मी त्या दोन टिकल्या भाताच्या शितानं चार्टवर चिकटवायला घेतल्या. तिसरीलाही हात घातला तर दादा म्हणाला, "ते राहू दे. ते ठाणं अजून उभं हाय, काढलं तं उद्याच्या खेळाची मजाच जाईन." मी म्हटलं, "आईची हाय." तो म्हणाला, "एका दिवसानं काय होते व?" खोटं कशाला बोलू, मलाही तेच वाटत होतं. आता प्रश्न असा की टिकल्या दोन आणि घरं तीन. मी फार विचार केला असंही नाही. विहिरीजवळच्या घरातलं पोरगं मला माहीत होतं, खालच्या आळीतल्या पोरीची आत्या माझ्या वर्गात होती. नाल्यापलीकडच्या चौकोनात आकडाही नव्हता. माझा हात तिथपर्यंत गेलासुद्धा नाही. पुढं सगळे म्हणाले की पोर होतीस, विसरलीस. मी विसरले नव्हते. मी निवडलं होतं.

गुरुवारी सकाळी सुभद्राबाई आल्या, चार्टसमोर उभ्या राहिल्या, ओठ हलवले आणि गेल्या. मी सरगुंडे वळत होते, मी मानही वर केली नाही. दुपारी त्या परत आल्या, दाराशीच बसल्या, लोटाभर पाणी प्यायल्या आणि पदरानं मान पुसत म्हणाल्या, "झालं बाप्पा. शेजारच्या गावच्या दवाखान्यात आज मोठा डाक्टर आल्ता. तुह्या मायनं सोमवारीच सांगून ठेवलं होतं, लाल टिकलीवाले लेकरं घेऊन जाजो. दोघायले नेलं. डाक्टर म्हणे, तिसरं कोणी हाय काय? म्या म्हणलं, नाही जी, दोनच."

माझ्या हातातली काडी तिथंच राहिली. तेव्हाच बोलायचं होतं. दवाखाना संध्याकाळपर्यंत उघडा होता, सुभद्राबाई समोर बसल्या होत्या, नाला हाकेच्या अंतरावर. पण बोललं म्हणजे टिकल्या काढल्याचं कबूल करणं आलं, आईच्या कानावर जाणं आलं, आणि दुपारी शेवटचा खेळ होता. मी म्हटलं, "गूळपाणी देऊ का?" त्या म्हणाल्या, "दे." त्या दुपारी आम्ही तिसरं ठाणं जिंकलं. शबानानं टाळ्या वाजवल्या, गजू खाटेवर चढून नाचला. मी टिकली काढून मुठीत धरली आणि मला भडभडून आलं. सारे म्हणाले, खेळ संपला म्हणून रडून राह्यली.

शुक्रवारी सकाळी खिचडीचा डबा घेऊन मी नाला ओलांडला. भट्टी थंड होती. चार झोपड्यांच्या जागी चार चुली आणि बांबू उपटल्याचे खड्डे. एक म्हातारा राखणदार फुटक्या विटा रचत बसला होता. त्याला विचारलं तर म्हणाला, "गेले ना ते. काल दिवस बुडाच्या आंधी ट्रॅक्टर आला, भांडेकुंडे टाकले अन् गेले."

"कुठं गेले?"

"जिथं काम असन तिथं. आता ते मले काय सांगतीन?"

"त्याईच्यात एक लहान पोरगी होती. का पोरगा. आजारी."

"लेकरं तं साऱ्याईलेच हायेत बाई. नाव काय तिचं?"

मला नाव माहीत नव्हतं. पोरगी की पोरगा तेही नाही. आईचं काय, बापाचं काय, काहीच नाही. मला एक चौकोन माहीत होता. मी म्हाताऱ्यासमोर डबा धरून उभी राहिले आणि त्यानं पुन्हा विटा रचायला घेतल्या.

घरी येऊन दादाला सांगितलं. आधी त्याला कळेचना, मग कळलं. "पागल हायेस काय तू?" एवढंच म्हणाला आणि मग त्याचंच तोंड उतरलं, कारण ते राहू दे म्हणणारा तोच. बाबांची फटफटी काढून आम्ही दिवसभर भट्ट्या पालथ्या घातल्या. उन्हात डोळे करपून गेले. एका भट्टीवर मी मुकादमाला विचारलं, "इथं लहान लेकरं आहेत का?" त्याला वाटलं आम्ही सरकारी तपासणीची माणसं. त्यानं हात जोडले, "नाही मॅडम, लेकरं ठेवतच नाही आम्ही." त्याच्या मागं विटांच्या थराआडून दोन उघडी पोरं आमच्याकडे पाहत होती, आणि त्यानं मागे वळून त्यांना डोळ्यांनीच हाकललं. पुढच्या भट्टीवर दादानं दुसरी युक्ती केली, नातेवाईक म्हणून विचारलं. मुकादमानं विचारलं, कोणाचे नातेवाईक? झालं, तिथंच बोलणं खुंटलं.

त्या संध्याकाळी बाबा म्हणाले, जेव. मी म्हटलं, पोट दुखते. मी आतल्या खोलीत दादाचा फासा घेऊन बसले. दहाच्या वर पडला तर ते लेकरू जिवंत. तीन पडला. मी म्हटलं हा धरायचा नाही, बोट लागलं. पुन्हा टाकला, आठ. पुन्हा टाकला. शेवटी सतरा पडला तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता, पण इतक्यांदा टाकल्यावर कधीतरी सतरा पडणारच हे न कळण्याइतकी मी लहान नव्हते. मी त्या रात्री देवाचं नाव घेतलं नाही. मला त्याच्यासमोर जायची हिंमत नव्हती.

शनिवारी आई दुपारच्या गाडीनं आली. चप्पल काढायच्या आधी तिची नजर भिंतीवर गेली, ती तिची सवयच. पिशवी खांद्यालाच होती.

"मने, नाल्यापलीकडची टिकली कोनं काढली?"

"म्या," मी म्हटलं. आणि मग सगळं सांगितलं. खेळ, ठाणी, डॉक्टर, रिकाम्या चुली. मला वाटलं होतं ती थोबाडीत देईल. मी गाल पुढं करूनच उभी होते म्हणा ना. ती भिंतीला पाठ लावून खाली बसली. दादानं पाणी आणलं, ते तिनं हातात धरलं, प्यायली नाही.

"रोशनी नाव हाय तिचं," ती म्हणाली. "दीड वर्षाची हाय. तिचा दंड माह्या दोन बोटाच्या कड्यात येते. मी तिच्या मायले सांगून गेली होती, गुरुवारी आमची बाई येईन, पोरीले तयार ठेवजो." तिनं पाणी तसंच खाली ठेवलं. "चार हंगाम झाले ती बाई भट्ट्यावर फिरून राह्यली. कोनाच्याच यादीत नाही. म्या म्हणलं, माह्या चार्टात तरी घालू."

मग उठली. "ऊठ. चप्पल घाल."

आम्ही भट्टीभट्टीनं शोधलं होतं. आई एकाही भट्टीवर गेली नाही. ती गावोगावच्या सेविकांच्या घरी गेली. दादा फटफटी चालवायचा, मधे मी, मागं आई. प्रत्येक गावात ती दारातूनच हाक मारायची, आणि आतून कुणीतरी हात पुसत बाहेर यायची. सेविकेला ठाऊक असतं गावात कोणाकडे पाव्हणं उतरलं, कोणाची सून माहेरी आली. शनिवार गेला. रविवारी दादाची पुण्याची गाडी होती, ती त्यानं सोडली. रविवारी सकाळी तिसऱ्या गावातली सेविका म्हणाली, "नळगंगेच्या काठच्या भट्टीवर गुरुवारी नवे लोक उतरले बाई. एकीजवळ लेकरू हाय, रडतच नाही म्हणे."

रडतच नाही, हे ऐकल्यावर आई जी चालायला लागली ती फटफटीसाठीही थांबली नाही.

रोशनी बाभळीखाली पोत्याच्या सावलीत निजली होती. मी आयुष्यात तोवर तेवढं वाळलेलं लेकरू पाहिलं नव्हतं. तोंड म्हातारीचं, आणि बाकी सगळं काड्यांचं. माशी ओठावर बसली तर तिनं हलवली नाही. आईनं पदर ओला करून तिच्या ओठाला लावला आणि तिची माय मातीच्या हातानं धावत आली. तरुण होती, माझ्याहून फार तर पाचसहा वर्षांनी मोठी. आईला पाहून ती चिडली नाही. म्हणाली, "बाई, तुम्ही म्हणल्या होत्या गुरुवारी. म्या तिले आंघोळ घातली, काजळ लावलं, टोपडं घातलं. कामाले नाही गेली त्या दिवशी. झोपडीच्या दारात बसून राह्यली. एक बाई नाल्याच्या तिकडच्या वाटेनं दोन लेकरं घेऊन जातानी दिसली, मले वाटलं आता इकडं वळन. नाही वळली. मंग ट्रॅक्टर आला. म्या म्हणलं, नसन आपलं नाव."

आई म्हणाली, "चुकलं बाई आमचं." आमचं म्हणाली. माझ्याकडे पाहिलंही नाही.

बुलढाण्याच्या दवाखान्यात रोशनी बरेच दिवस होती. तिची माय जवळ होतीच, पण बाप भट्टीवर, माझ्या आईला अंगणवाडी सोडता येईना, म्हणून मदतीला मी राहिले. कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या नाकात नळी, त्यातून थोडं थोडं दूध, इतकं थोडं की माझा जीव कासावीस व्हायचा. मी सिस्टरला म्हटलं, जास्त द्या ना. त्या म्हणाल्या, "एकदम दिलं तर जाईल ती. उपाशी शरीराला घाई चालत नाही." मी पायरीवर जाऊन बसायची, परत यायची, श्वास मोजायची. तिसऱ्या दिवशी दुपारी तिचे हातपाय गार पडले. सिस्टर धावल्या, डॉक्टर आले, मला बाहेर काढलं. त्या दाराबाहेर मी जे काही बोलले ते मी कुणाला सांगितलेलं नाही. इथंही लिहीत नाही. पुढं दोन दिवसांनी ती रडली. आधी बारीक, मग चांगला गळा काढून. सारा वॉर्ड जागा झाला, आणि तिची माय तिला उगी करायचं सोडून हसत बसली. ती वाचली. नळी निघाली, मग वाटीनं दूध, मग भाताची पेज.

घरी सोडायच्या दिवशी मी ठरवलं होतं की तिच्या मायला सांगायचं. इतके दिवस तिनं मला भाकर वाढली होती, स्वतःच्या पदरानं माझं तोंड पुसलं होतं, साऱ्या वॉर्डात सांगितलं होतं की ही सेविकाबाईची पोरगी, मोठ्या मनाची हाय. ते मला सोसेना. तिचा नवरा फाटकाशी रिक्षावाल्याशी बोलत होता. ती रोशनीला कडेवर घेऊन पायऱ्या उतरत होती. मी तिला थांबवलं.

"तुमच्या घरावरची खूण म्या काढली होती," मी म्हटलं. "एका खेळासाठी. म्हणून गुरुवारी तुमच्याकडं कोणी आलं नाही. सुभद्राबाईची चूक नाही, आईची नाही. माही हाय."

मला वाटलं, आता मारेल, आणि मारलं तर बरं होईल.

"कायच्यावरची खूण?"

"नकाशावरची. आईनं गावाचा नकाशा काढला हाय, साऱ्याईचे घरं हायेत त्याच्यात. ज्या घरचं लेकरू आजारी, त्याच्यावर लाल टिकली राह्यते."

"मंग आमचं घर होतं त्याच्यात?"

"हाव."

"आमचं? नाल्यापलीकडचं?"

"हाव. काढलं होतं आईनं."

तिनं रोशनीला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. खेळाबद्दल, टिकलीबद्दल, माझ्याबद्दल तिनं एक शब्द विचारला नाही. तिच्या कानात ते शिरलंच नव्हतं. तिचं तोंड उजळत गेलं, आणि मला तिच्याकडे पाहवेना. मग तिनं फाटकाकडे वळून नवऱ्याला हाक मारली.

"आयकलं काय जी? आपलं घर होतं म्हणे नकाशात."